साखर मोजणाऱ्या स्वामी मॅडम

कुणाची साखर तपासायची झाली की स्वामी मॅडम आधी त्याची बोटं हुंगायच्या. लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये त्या केमिस्ट्री शिकवायच्या, मी फिजिक्स. स्टाफरूममधले निम्मे शिक्षक मधुमेहाच्या वाटेवर, त्यामुळे साखर मोजायचं छोटं यंत्र आणि रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या मॅडमच्या पर्समध्ये कायम असत. एकदा निकालाचा पेढा खाऊन मी तसंच बोट पुढं केलं, तर म्हणाल्या, "सर, ही पट्टी लई भोळी हाय. बोटावरची साखर कोणती अन् रक्तातली कोणती, तिला कळत न्हाई. हात धुऊन या." नळाला कधीतरीच पाणी येणाऱ्या गावात ही शिस्त म्हणजे वैताग होता.

मॅडम निलंग्याकडच्या. भूकंप झाला तेव्हा त्या नांदेडला राहून अशाच पट्ट्यांवर संशोधन करत होत्या. पट्टीवरच्या एन्झाइमशी रक्तातल्या साखरेची गाठ पडली की बारीकसा विद्युतप्रवाह निघतो, तो मोजायचा, असं ते काम. भूकंपात आईवडील गेले. धाकट्या भावंडांना घेऊन त्या लातूरला आल्या, शिकवू लागल्या आणि संशोधन तिथंच राहिलं. पुढं तसली यंत्रं औषधांच्या दुकानात मिळू लागली. "माझं काम दुसऱ्यानं करून टाकलं, बरंच झालं," असं त्या हसून म्हणायच्या. मला ते हसणं कधीच आवडलं नाही. वर्गात त्या पट्टीचं सांगू लागल्या, की पोरं विचारायची, मॅडम, हे परीक्षेला येतंय का.

त्या पोरांतच अस्मा होती. इस्लापूरच्या शिंप्याची मुलगी, हुशार, पण लहानपणापासून मधुमेह आणि रोज इन्सुलिनची सुई. होस्टेलवाले तिला ठेवून घ्यायला तयार नव्हते, मॅडमनी तिची हमी घेतली. वडील धास्तावलेले. भेटायला आले की लेकीला घरी नेतो म्हणायचे, आणि मॅडम त्यांना समजावून एकटंच परत पाठवायच्या. ही पोरगी डॉक्टर होणार, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

एका टेस्टमध्ये अस्मा पहिली आली. तिनं सगळ्या होस्टेलला पेढे वाटले, स्वतः एकही खाल्ला नाही, सकाळी इन्सुलिन घेऊनही गडबडीत जेवण राहूनच गेलं. दुपारी तिला घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. मैत्रिणीनं बोट टोचून पाहिलं तर आकडा भरमसाट. निरोप मिळून आम्ही दोघं धावत पोचलो, तेव्हा इन्सुलिन भरलेली सुई अस्माच्या हातात होती. मॅडमनी ती काढून घेतली. टँकर आला नव्हता, पेढ्यांचे हात कुणी धुतलेच नव्हते. स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यानं त्यांनी तिची बोटं धुतली, पुसली, नव्या पट्टीवर रक्त घेतलं. साखर पार तळाला गेली होती. ती सुई टोचली असती तर पोरगी हाताला लागली नसती. साखरेचं पाणी पिऊन अस्मा सावरली. मॅडम मात्र रिकाम्या हौदाच्या काठावर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वडील आले. ते चिडले नाहीत, हेच सोसवत नव्हतं. "मॅडम, तुमी म्हनाल तसं," ते म्हणाले. "ठेवू का नेऊ?"

मला वाटलं, मॅडम नेहमीसारख्या समजावतील. पण त्या अस्माकडं वळून म्हणाल्या, "तुला काय वाटतं गं?"

"मला घरी जायचंय, मॅडम," अस्मा म्हणाली. "लई दिवसांपासून."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. मॅडमनी तिची बॅग स्वतः भरली, यंत्र आणि पट्ट्या वरच्या कप्प्यात ठेवल्या आणि त्या दोघांना बसमध्ये बसवून दिलं. वर्षाअखेरीस त्यांनीही क्लास सोडला.

त्या दिवशी बस निघून गेल्यावर आम्ही दोघं स्टँडवरच उभे होतो. तुम्ही नसता तर ती वाचली नसती, असं काहीतरी मी बोललो. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"पोरगी दमून गेली होती, सर," त्या म्हणाल्या, "अन् मी नुसती तिची साखर मोजत बसले होते."