उभ्या गाडीचा विमा

विमा काढायला गेलं की पहिला प्रश्न येतो, गाडी कोणती. मला त्याचं उत्तर जवळजवळ वर्षभर देता आलं नाही.

स्कूल बस म्हणावं तर शाळेची पाटी, बाकडी, खिडक्यांचे आडवे गज, सगळं मी काढून टाकलेलं. घर म्हणावं तर खाली सहा चाकं. रंग मात्र पिवळाच होता, कारण रंग बदलायचा तर आधी कागदावर गाडीचा प्रकार बदलायला हवा, प्रकार बदलायचा तर विमा चालू हवा, आणि विमा काढायचा तर गाडीचा प्रकार कोणता ते आधी सांगायला हवं. बेलापूरच्या कचेऱ्यांत या खिडकीवरून त्या खिडकीवर जाताना मला चिडायची फार इच्छा व्हायची. पण समोरचा माणूस नियम वाचून दाखवायचा आणि नियम त्याच्या जागी बरोबर असायचा. चिडायलाही कोणीतरी चुकलेलं असावं लागतं. मी नुसताच दमून घरी यायचो.

ही माझ्याच नावावरची बस मी चौदा वर्षं शाळेसाठी चालवली. बायको त्याच बसवर पोरांना सांभाळणारी मावशी होती. खारघरच्या सोसायट्यांमधून पोरं उचलायची, शाळेत सोडायची, दुपारी परत घ्यायची, पुन्हा त्याच सोसायट्या. मी पुढे बघून गाडी हाकायचो, ती माझ्याकडे पाठ करून पोरांकडे बघत उभी राहायची. शाळेच्या कामासाठी बसचं वय संपलं तेव्हा शाळेने नवी गाडी आणि नवा ड्रायव्हर घेतला. दोन महिन्यांनी भंगारवाला दाराशी आला. बायकोने त्याला परत पाठवलं आणि म्हणाली, "एकदा कुठंतरी जाऊ. जिथून त्याच दिवशी परत यायचं नाय, असं कुठंतरी."

तिने आयुष्यात एवढं एकच मागितलं असेल. मी लगेच हो म्हणालो. गावची शेती सरकारने घेतली तेव्हा त्या बदल्यात मिळालेला प्लॉट उलव्याला आमच्या घराला लागूनच आहे. तिथे बस उभी केली आणि कामाला लागलो. फॅब्रिकेटर होता, सुतार होता, पण अर्ध्याहून जास्त काम मी स्वतः केलं. पलंग, बेसिन, कपाटं, पाण्याची टाकी. गॅस लावला तर परवानग्यांचं नवं लचांड नको, म्हणून स्वयंपाकाला इंडक्शन. ते चालवायला घरातून वायर ओढलेली.

एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. काम सुरू केलं त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या डाव्या डोळ्यात काचबिंदू सांगितला होता. कडेची नजर कमी होत जाते, गेलेली परत येत नाही, थेंब घालत राहा. लायसन्सचं नूतनीकरण दिवाळीनंतर होतं. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो आणि तो मला मिळणार नव्हता. म्हणजे जायचं तर दिवाळीच्या आत. मी स्वतःची समजूत घातली होती की दिवसाउजेडी चालवीन, चाळीसच्या वर जाणार नाही, एकदाच जाऊन येऊ. दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने असं म्हटलं असतं तर मी त्याच्या हातातून चावी काढून घेतली असती. थेंबांची बाटली मी बसमध्येच, स्क्रू ठेवायच्या डब्यात ठेवायचो.

विम्याच्या एजंट बाई आमच्याच बसमधून शाळेत गेलेल्या. त्यांना 'बाई' म्हणायला मला अजून जड जातं, कारण दोन वेण्या आणि गळ्यात वॉटरबॅग अशीच ती मला दिसते. आता खारघरला तिचं ऑफिस आहे. तिनेच पुढाकार घेऊन कंपनीकडून गाडी बघायला माणूस पाठवायचं ठरवलं. म्हणाली, "काका, टेन्शन नका घेऊ. सर्व्हेअर येईल, फोटो काढेल, रिपोर्ट देईल. फक्त एक करा, आत शिरल्यावर त्याला ती बस वाटता कामा नये. घर वाटलं पाहिजे, रोजच्या वापरातलं, रनिंगमधलं घर."

आता घर वाटलं पाहिजे म्हटल्यावर आमच्यासारखी माणसं काय करणार? नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालवतात. सर्व्हेअर यायच्या दिवशी सकाळी बायकोने बसमध्ये रांगोळी काढली, बेसिनच्या वर देव मांडले आणि इंडक्शनवर दुधाचं पातेलं ठेवलं. दूध वर आलं, काठावरून पहिला ओघळ खाली आला आणि इंडक्शन पिं पिं करून बंद पडलं. पुसून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्या यंत्राला दूध उतू जाणं मंजूरच नव्हतं.

"घरात पहिलं दूध उतू जाताना इस्तू इजला," बायको म्हणाली, "ह्ये काय चांगलं लक्षन हाय?"

इस्तू नव्हताच, इंडक्शनला विस्तव कुठला, असं मी म्हणायला हवं होतं. पण माझ्याही मनात चुकचुकलं. माझा डोळा मला माहीत होता ना. मी गुपचूप घरात गेलो, स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर खांद्यावर घेतला, शेगडी उचलली आणि बसमध्ये आणून जोडून दिली. दूध छान उतू गेलं. उरलेल्या दुधात तिने शेवया टाकल्या, आणि खीर रटरटत असताना सर्व्हेअर आला.

माणूस साताऱ्याकडचा, बोलायला गोड. वहिनी, बसा, धावपळ करू नका, असं म्हणत त्याने काम सुरू केलं. वाकून चेसिस नंबरवर कागद ठेवला, पेन्सिल घासून ठसा घेतला. बाहेरचे चार फोटो, आतले सहा. मग पलंगावर बसून त्याने दोन वाट्या खीर खाल्ली आणि म्हणाला, "लई झ्याक घर केलंय बघा. माझ्या मंडळींला दाखवाय पायजे." आम्ही दोघं हरखून गेलो. त्याला सोडायला मी रस्त्यापर्यंत गेलो.

रिपोर्ट पंधरा दिवसांनी आला. वाहनात घरगुती वापराचा गॅस सिलिंडर पेटत्या शेगडीला जोडलेल्या स्थितीत आढळला, सबब प्रस्ताव नामंजूर. सोबत फोटो. फोटोत सिलिंडर आणि त्याच्यामागे पदराने पातेलं धरलेली, हसणारी माझी बायको. खिरीचा उल्लेख कुठेही नव्हता.

मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. एजंट मुलीने कपाळावर हात मारला. "काका, घरगुती सिलिंडर? गाडीत? सर्व्हेअरसमोर?" तिला दुधाचं सांगितल्यावर ती म्हणाली की हे मी कंपनीला कुठल्या रकान्यात लिहू.

पुन्हा अर्ज, पुन्हा फेऱ्या. सिलिंडर नाही असं हमीपत्र, वायरिंगचं प्रमाणपत्र, ते देणारा माणूस गावाला, तो आला तर त्याचा शिक्का गावाला. गणपती आले आणि गेले. मी कॅलेंडरकडे बघायचो आणि उजव्या डोळ्यावर हात ठेवून डाव्याने समोरची बिल्डिंग किती दिसते ते बघायचो. दर आठवड्याला मला ती थोडी अरुंद वाटायची. खरंच होत होती की भीतीने वाटायची, देव जाणे. नवरात्रात तोच सर्व्हेअर पुन्हा आला. बायकोने त्याला पाण्याचा ग्लास दिला, बस्स. त्याने आजूबाजूला बघत विचारलं, "आज काय नाय व्हय?" ती म्हणाली, "आज इमा हाय." तो ओशाळून हसला. या वेळचा रिपोर्ट स्वच्छ आला.

दिवाळीला दोन आठवडे उरले असताना एजंट मुलगी शेवटचा फॉर्म घेऊन बसमध्ये आली. फॉर्म इंग्रजीत. ती एकेक प्रश्न मराठीत सांगणार, मी उत्तर देणार आणि बायको खुणा करणार, कारण चौदा वर्षं पोरांची हजेरी तिनेच भरलेली, तिचं अक्षर स्वच्छ. गाडी कुठे उभी असते. रोज वापर होणार का. गाडी कोण चालवणार. मी म्हणालो, मीच.

मुलीने पुढचा प्रश्न वाचला. "चालकाच्या नजरेत, ऐकण्यात किंवा शरीरात काही दोष आहे का?"

"नाही," मी म्हणालो. फार लवकर म्हणालो.

बायकोने खूण केली नाही. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. वरून एक विमान गेलं. मग तिने 'हो'च्या चौकटीत खूण केली, चौकट भरून, नीट.

"लिही गो बाय," ती मुलीला म्हणाली, "डावा डोला. काचबिंदू."

मुलगी बिचारी माझ्याकडे बघेना. फॉर्म चाळत हळू आवाजात म्हणाली की मावशी, मग काकांच्या नावावर चालवायची पॉलिसी होणार नाही. दुसरा ड्रायव्हर दाखवा, नाहीतर नुसत्या उभ्या गाडीचा काढता येईल. आग आणि चोरी, एवढंच. गाडी रस्त्यावर आणायची नाही.

"उभ्या गाडीचा कर," बायको म्हणाली.

मुलगी गेल्यावर मी तिला विचारलं, कधीपासून माहीत होतं. तिने हात लांब करून स्क्रूंचा डबा खाली घेतला आणि थेंबांची बाटली माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, पलंगाचं काम चाललं होतं तेव्हापासून, तेव्हाच औषधवाल्याला बाटली दाखवून विचारलं होतं.

मला संताप आला. एवढे महिने, एवढ्या फेऱ्या, एवढे कागद! "मग बोलली का नाहीस? मला येड्यासारखं धावू का दिलंस?"

"शालेचं काम सुटलं तवा दोन महिने तुमी भिंतीकडं तोंड करून झोपले होते," ती म्हणाली. "जेवत पन नव्हते. गाडीचं काम लागलं तवा सकालचे उठाया लागले. मी बोलले असते तर उद्या परत झोपले असते." बाटलीचं झाकण फिरवत ती थांबली. "तो रिपोर्ट नामंजूर आला ना, तवा मना बरं वाटलं. अजून थोरे दिवस मिलाले, असं वाटलं."

मग तिने मला मान मागे करायला सांगितली. मी केली. एक थेंब डोळ्यात पडला, दुसरा गालावर गेला, तो तिने पदराने पुसला आणि पुन्हा घातला.