आपल्यातली

"ह्यांना दाराजवळ बसवा. मेंढ्यांचा वास येतोय."

बाई मराठीत बोलल्या. तंजावूरच्या त्या हॉलमध्ये आम्हाला काय कळणार, म्हणून बिनधास्त. त्यांच्या शेजारचा माणूस हसला.

मला कळलं. आमच्या घरात मराठीच बोलतात. वाचता येत नाही, बोलतो. आमचे वाडवडील इथल्या मराठा राजाच्या घोड्यांना गवत कापायला आले, इथंच राहिले. बाई राजवाड्यामागच्या मोठ्या घरातल्या. आम्ही ओरत्तनाडुकडं मेंढ्या राखतो.

मी मान खाली घातली. पदर नाकाशी नेऊन हुंगला. बोलल्या त्या, आणि लाज वाटली मला.

सभा बाईंच्या संस्थेची होती, जमीन वाळवंट होत चालल्याची. कालव्याच्या शेवटाला पाणी पोचत नाही, माती पांढरी पडत चाललीय. ती माती आम्ही रोज तुडवतो. 'पारंपरिक समाजाचा सहभाग' पाहिजे म्हणून गाडी पाठवून आणलं होतं. माझे अप्पा, मी, आणि तमिळ बोलणारी मेंढपाळ घरं. आल्या आल्या अप्पांच्या खांद्यावर नवी घोंगडी टाकली. भर उन्हाळ्यात. फोटो झाला. घोंगडी काढून घेतली.

मग बाई माईकवर तमिळमध्ये म्हणाल्या, तळ्याकाठच्या गायरानात झाडं लावणार. कुंपण घालणार. चराई बंद. "मेंढपाळांची संमती आहे."

टाळ्या.

अप्पा माझ्याकडं वळले. "आपण कधी दिली?"

मी उठले. तोंडातून मराठीच आलं. "बाई, आम्हाला कुणी विचारलंच नाही. मेंढ्या चरायच्या कुठं?"

बाईंचा चेहरा पडला. मग एकदम गोड झाला. "अग्गोबाई, तू आपल्यातली? आधी नाही का सांगायचं! ये, पुढं बस." त्यांनी बाजूची खुर्ची ओढली.

माझे पाय निघाले. बरं वाटलं मला. तेच अजून झोंबतं.

मागं बघितलं. अप्पा दाराशीच. त्यांच्याजवळ शेजारची अक्का, तिची मेंढरं आमच्याबरोबर चरतात. तिला मराठी येत नाही. काय चाललंय म्हणून ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी तिथंच थांबले. तमिळमध्ये बोलले, मोठ्यांदा.

"ह्या बाई म्हणाल्या, आपल्याला वास येतो. त्या म्हणतात आपण संमती दिली. अक्का, तू दिलीस?"

"नाही," अक्का म्हणाली. आणि उठली. मग सगळेच उठले. आम्ही बाहेर पडलो.

आता तळ्याकाठी कुंपणाचे खांब येऊन पडलेत. ज्या दिवशी खणायला येतील, त्या दिवशी आम्ही मेंढ्या घेऊन तिथंच बसणार. बाई, आधी गावात या. सगळ्यांसमोर, सगळ्यांना कळेल असं बोला. आमचं ऐका. तोवर एक खड्डा पडू देणार नाही.