ट्रॉलीवरची सीए

सीए होता होता घरात दोन गोष्टी साचत जातात, जुन्या सिलॅबसची पुस्तकं आणि फजितीचे किस्से. पुस्तकं रद्दीवाला नेतो, तोही तोंड वाकडं करून. किस्से कुणीच नेत नाही, म्हणून ते तुमच्या गळ्यात मारतेय. आमचा कंपू लहान आहे. मी वैशाली, सीमेवरच्या हिंदी मुलखातल्या बुरहानपूरजवळच्या बहादरपूरची. मोहिनी माझी मैत्रीण, शहरातल्या लोधीपुऱ्यात राहणारी. तिथेच शनवाऱ्यात ऑफिस असलेले आमचे सर. आणि माझे आबा, म्हणजे वडील. त्यांची केळीची बाग आहे आणि लिहिण्या-वाचण्याशी संबंध मजुरांच्या हजेरीच्या वहीपुरता. बहुतेक किश्शांत मीच आपटते, त्यामुळे दुसऱ्या कुणाला राग यायचं कारण नाही.

*

लोक विचारतात, बीकॉमच का घेतलं? मी सांगते, आकड्यांची लहानपणापासून आवड. साफ खोटं! मी बारावी सायन्स. बीएस्सी करायचं ठरवून आबांबरोबर फॉर्म भरायला ऑनलाइनच्या दुकानात गेले. दुकानदाराने बीएस्सीवर क्लिक केलं आणि स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं. पाऊण तास ते फिरतच होतं. तिकडे बागेत कटाई झालेली, गाडी लोडिंगला उभी, आबांचा फोन थांबेना. दुकानदार म्हणाला, बीकॉमचं पेज मात्र लगेच खुलतंय.

आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जे खुलतं ते भरून दे भाऊ. लोडिंगला टाइम होऊन राह्यला."

हे माझं करिअर काउन्सेलिंग. आणि सीए का? तर मोहिनीने सीएचा क्लास लावला होता आणि तिला येता-जाता सोबत हवी होती. डेबिट कुठल्या बाजूला लिहितात हे मला क्लास लावल्यावर कळलं.

*

एकदा आबांनी विचारलं, तिथं शिकवतात तरी काय? मला केवढा आनंद झाला. मी ओट्यावर पुस्तक उघडून इन्कम टॅक्स समजावायला बसले. कमाई किती झाली की सरकारला किती द्यायचं, कशावर सूट मिळते, कशावर मिळत नाही, सगळं. अर्धा तास ते मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, आपल्याला किती बसेल?

मी पान उलटलं. आपली कमाई शेतीची, आबा. आपल्याला इन्कम टॅक्सच नाही.

"आन् या गावात बाकीच्यांना?"

बाकीचेही शेतकरीच. आबा आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलं का? पोरगी पाच-सहा वर्षं शिकणार, आन् अख्ख्या गावात तिला गिऱ्हाईक एक बी नाही."

*

तरीही मी फाउंडेशन पास झाले. फाउंडेशन म्हणजे सीएची पहिली परीक्षा, तिच्यापुढे दोन मोठ्या असतात, इंटर आणि फायनल. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मागे पोरांची नावं रंगवायची पद्धत आहे. संध्याकाळी घरी येऊन बघते तर ट्रॉलीच्या मागच्या फळीवर हातभर अक्षरात लाल रंगाने लिहिलेलं, 'सीए वैशाली'.

मी कपाळावर हात मारला. ही नुसती पहिली पायरी आहे, असं आबांना तीनदा समजावलं. ते म्हणाले, पायरीवर पाय ठेवला म्हणजे घरात आलीच की.

पेंटर बजावून गेला होता की ऑइल पेंट आहे, दोन दिवस हात लावू नका. मी दुसऱ्या दिवशी गुपचूप ते 'सीए' पुसायला गेले. पुसलं काही गेलं नाही, उलट कुर्ता लाल झाला, हात लाल झाले, आणि तशीच क्लासला गेले. मोहिनीने विचारलं, कुणाचा खून करून आलीस? तेव्हापासून गावात मी 'सीए ताई'. किराणावाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळे तेच म्हणायचे, आणि मी प्रत्येक वेळी शरमेने अर्धी व्हायचे.

*

इंटरचा अभ्यास आम्ही मोहिनीच्या घरी करायचो. तिच्या आईचं, म्हणजे काकूंचं ठाम मत होतं की आवाज आला तरच अभ्यास. मनातल्या मनात वाचणं म्हणजे झोपणं. म्हणून आम्ही जीएसटी मोठ्याने वाचायचो आणि काकू समोर बसून मेथी निवडायच्या. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि परीक्षा इंग्लिशमध्ये, त्यामुळे तिन्ही भाषांत आमची दातखीळ बसायची.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी मोहिनीला विचारलं, इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट, घ्यायच्या अटी सांग. तिने तीन सांगितल्या आणि अडकली. मग मी अडकले. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "माल हातात आला पाहिजे, ती राहिली तुमची."

पेपरात मी तेव्हाही तीनच लिहिल्या. काकूंचाच फॉर्म भरायला हवा होता.

*

त्या परीक्षेत मी प्रत्येक पेपरात पास झाले आणि नापास झाले. असं होतं हो! प्रत्येक विषयात चाळीस लागतात, पण चारही मिळून चारशेत दोनशे. माझे झाले एकशे सत्त्याण्णव. हे आबांना समजावणं परीक्षेपेक्षा अवघड होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे एकेक घड चांगला, आन् गाडी नापास?"

हो, आबा.

"कोन आहे हा व्यापारी?" असं म्हणून ते ट्रॅक्टरची चावी शोधायला लागले. त्यांना आवरताना मी रडायचंच विसरले. इंटर तिसऱ्या खेपेला निघालं.

*

मग सरांकडे आर्टिकलशिप, म्हणजे तीन वर्षं त्यांच्या हाताखाली काम. सर हिंदी बोलणारे, शिस्तीचे आणि कधीही न हसणारे. एक दिवस शनवारा दरवाज्याजवळ ते ट्रॅफिकमध्ये अडकले. पुढे खताची पोती भरलेली एक ट्रॉली. सरांना अर्धा तास दुसरं वाचायला काही नव्हतं.

ऑफिसात आल्यावर त्यांनी मोबाइलमधला फोटो माझ्यापुढे धरला. "बेटा, ये कौन सी वैशाली है?"

आमचीच ट्रॉली, मी म्हटलं. सर म्हणाले, "अभी मेंबर बनी नहीं, और मिसकंडक्ट पहले कर लिया."

घरी येऊन मी आबांना म्हटलं, सीए झाल्याशिवाय सीए लिहिणं गुन्हा आहे, माझ्यावर बालंट येईल, उद्याच्या उद्या पुसा. ते लगेच बरं म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी बघते तर फळीवर 'सीए' ठणठणीत, आणि पुढचं 'वैशाली' रॉकेलने घासून साफ!

"तुझे सर म्हणाले ना, तू सीए नाही? म्हणून तुझं नाव काढलं."

आणि सीए?

"ते राहू दे. जागा धरून राहील." बसच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतात ना, तशातला तो प्रकार.

*

फायनलला मी दोनदा आपटले. मोहिनी पहिल्याच खेपेला निघाली आणि नोकरी लागून इंदूरला गेली. मला तिचा आनंद झाला आणि हेवाही वाटला, दोन्ही खरं. ट्रॉली मात्र 'सीए' आणि पुढे रिकामी जागा घेऊन गावभर फिरत होती. लोक आबांना विचारायचे, सीए कोण? आबा म्हणायचे, येऊन राह्यली.

तिसऱ्या खेपेच्या निकालाला तीन दिवस होते. माझी उमेद संपली होती. एका जिनिंग फॅक्टरीत अकाउंटंटची जागा होती, त्यांना मी कळवूनही टाकलं होतं की बहुतेक येते. आबा ट्रॅक्टरला डिझेल टाकत होते. मी म्हटलं, आबा, या टायमाला नाही झालं तर मी सोडतेय. मग ते सीए पण पुसून टाका. मला ते बघवत नाही आता.

त्यांनी डबा खाली ठेवला. "निकाल कधी म्हनली?"

गुरुवारी.

"बरं," म्हणाले, आणि ट्रॅक्टर घेऊन बागेत निघून गेले. मला वाटलं, सुटले बिचारे एकदाचे.

गुरुवारी दुपारी सरांच्या ऑफिसात निकालाचं पेज उघडलं. म्हणजे उघडलं नाही, चक्र फिरायला लागलं. सर माझ्यामागे उभे राहून स्वतःचा चष्मा पुसत होते. वीस मिनिटांनी ते खुललं. मी पास झाले होते. सरांनी स्वतः जाऊन चहा सांगितला, आणि मी तो न पिताच स्कूटी काढली. फोनवर सांगायचं नव्हतं, आबांच्या तोंडावर सांगायचं होतं. शनवाऱ्यापासून बहादरपूरपर्यंत मी मोठ्याने रडत गेले.

आबा बागेत आत कुठेतरी पानं कापत होते, कोयत्याचा आवाज येत होता. तीन दिवस घरी न आलेली ट्रॉली निंबाखाली उभी होती. मागच्या फळीवर 'सीए', आणि पुढे, इतकी वर्षं रिकाम्या असलेल्या जागेत, माझं नाव. पेंटरचं अक्षर नव्हतं ते. हजेरीच्या वहीतलं अक्षर, तिरकं, शेवटी जागा कमी पडलेली. लाल ऑइल पेंट.

मला पास होऊन तास झाला नव्हता. कुर्ता सांभाळत मी पुढे झाले आणि नावावर बोट टेकवलं.

बोट कोरडं निघालं.