नख अडकलं नाही
चिंधीला डिझेलचा वास आला की मला सासरी, सणसरच्या विहिरीवरल्या इंजिनघरातलं ते पोतं आठवतं. विहिरीवर विजेची मोटर आली तेव्हा सासऱ्यांनी जुनं डिझेल इंजिन खोलून, ग्रीस लावून त्या पोत्यात बांधून ठेवलं होतं. एका उन्हाळ्यात मोटर जळाली, उसाची नवी लागण माना टाकायला लागली, म्हणून पोतं सोडलं. तर ग्रीस वाळलेलं आणि सगळ्या भागांवर गंजाची तांबूस साय. "भंगारात घाला," म्हणत नवरा मोटर दुरुस्तीला घेऊन बारामतीला गेला. मला राहवेना. भांड्यांची राख आणि काथ्या घेऊन मी इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, अंगणात आणून खसाखसा घासायला बसले. मोतीबिंदूनं अधू झालेले सासरे नुसत्या आवाजावरून ओसरीतून ओरडले, "आगं, कढई हाय का ती? गंज पुसायचा आसतो, लोखंड न्हाय!" त्यांनी डिझेल आणि मऊ चिंधी आणायला लावली, शेजारी बसून हलक्या हातानं पुसायला शिकवलं आणि शेवटी म्हणाले, "आता डोळं मीट अन् नख फिरव. खड्डा पडला आसंल तर नख अडकतंय. अडकतंय का?" मी नख फिरवलं. "न्हाय, आबा." "मग जित्ता हाय गडी." आबा सांगतील तसे सगळे भाग पुसून जोडले, तिसऱ्या दिवशी इंजिन धडधडलं आणि पाटाला पाणी आलं. आज मी माहेराहून आणलेली, कैक वर्षं माळ्यावर पडलेली शिलाई मशीन खाली काढली. डिझेलनं पुसली, डोळे मिटून नख फिरवलं. शेजारणीला निरोप धाडलाय, ब्लाउजपीस घेऊन ये म्हणून.