दिसायचं चिलखत

नात टीव्हीवर दुसऱ्या ग्रहावरची लढाई बघत होती. सैनिक डोक्यापासून टाचेपर्यंत चिलखतात, नाकडोळेसुद्धा दिसत नाहीत. आणि उजेडाची एक गोळी लागली की धप्पकन आडवे!

"मग ते अंगावर चढवलंय कशाला?" मी ओरडलो.

"आजोबा, ते मरायलाच असतात. चिलखत नुसतं दिसायला."

माझं डोकंच फिरलं. नुसतं दिसायला! माझी बायको खडी क्रशरवर राबायची. तपासणीचा साहेब येणार असला की मुकादम सगळ्या बायांना मास्क वाटायचा, आणि साहेबाची गाडी वळली की परत गोळा करायचा. एरवी धूळ अडवायला पदर. ती धूळ छातीत साचून यंदा ती गेली. साहेबाला मात्र सगळं ठाकठीक दिसलं होतं.

असली चिलखतं करणाऱ्यालाच ती घालून पुढं उभा करा म्हणावं.

"बंद करू का, आजोबा?" नात हळूच म्हणाली.

"राहू दे. पडलेल्याचं हेल्मेट काढून कुणी तोंड बघतंय का, ते बघायचंय मला."

शेवटपर्यंत बसलो. कुणी बघितलं नाही.