पितळी पाटीखालचं गाव

सुगत जवळेकर माणूस सरळ, पण एका प्रश्नाला इतका कंटाळलेला की विचारू नका. जर्मनीत वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरची नोकरी, घरी बायको अपेक्षा आणि शाळकरी लेक क्रांती. महाराष्ट्र मंडळात कुणी नवीन भेटलं की आधी आडनाव ऐकायचं आणि त्यावरून काही पत्ता लागेना की गोड आवाजात पुढचं विचारायचं, "पण मूळचे कुठले हो तुम्ही?" सुगत म्हणायचा, "पुण्याचे." पुण्यात तो फक्त शिकला होता, पण विषय मिटायचा. ऑफिसचं काम परवडलं, हे मिटवणं माणसाला फार दमवतं. सात समुद्र ओलांडूनही ते विचारणं पाठ सोडत नाही, याचा त्याला मनापासून संताप यायचा.

शेजारच्या फ्राऊ केसलर वृद्धाश्रमात राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी आपलं जुनं फ्रेंच घड्याळ सुगतला देऊन टाकलं. कंदिलासारखं चौकोनी, पितळेचं, डोक्यावर घंटा आणि काटा एकच, तासाचा. पुढच्या पाटीवर कारागिराचं नाव आणि त्याखाली ठसठशीत 'पॅरिस'. सुगतने मंडळभर सांगितलं. मंडळातल्या शोभनाताई आणि त्यांचे यजमान गुरुदत्त रविवारी चहाला आणि घड्याळ बघायला येणार, असं ठरलं.

रविवारी सकाळी तो पितळ घासायला बसला. पाटीचा स्क्रू सैल लागला म्हणून ती काढली, तर मागच्या पत्र्यावर हाताने कोरलेली वेडीवाकडी अक्षरं निघाली. क्रांती शाळेत फ्रेंच शिकत होती. तिने वाचून दाखवलं. नाव तेच, पुढे लोहार, आणि नॉर्मंडीतलं कुठलंसं खेडं.

क्रांतीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. "म्हणजे तो खोटं बोलला?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"खोटं कसलं गं. खेड्यातल्या लोहाराचं घड्याळ कोण घेणार? पॅरिस लिहिलं की कुणी पुढचं विचारत नाही."

"वी डू, पापा," ती जर्मनमध्येच म्हणाली. म्हणजे, तुझ्यासारखंच.

टोमणा नव्हता तो. पोरीला दिसलं ते ती बोलली. सुगतच्या हातातला फडका तसाच राहिला. आपण लोकांपासून लपवतो, एवढंच त्याला आजवर वाटत होतं. पोर शेजारी उभी राहून तेच शिकत होती. उद्या हिला कुणी विचारलं की हीसुद्धा मान खाली घालून पुणंच सांगणार.

"अहो, पाटी लावा ना, लोक येतीलच," अपेक्षा आतून म्हणाली.

"राहू दे," म्हणत त्याने पाटी कपाटात ठेवली.

पाहुणे आले, चहा झाला. शोभनाताई घड्याळापुढे वाकल्या. "पॅरिसचंच ना हे?"

"नाही. एका खेड्यातल्या लोहाराने केलंय. पॅरिस त्याने वरून लावलं होतं."

"अगंबाई, हो?"

"आणि मीही पुण्याचा नाही, ताई. परभणीकडचं जवळा आमचं गाव. घर गावकुसाबाहेर. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, वडिलांनी आडनाव बदललं." बोलताना त्याचा आवाज थकलेला होता, पण अडखळला नाही.

गुरुदत्त खिडकीबाहेर बघू लागले. शोभनाताई खुर्चीत बसल्या. "अहो, आम्ही नाही हो मानत असलं काही," त्या दुखावल्या सुरात म्हणाल्या. "इतकी वर्षं येणंजाणं आहे आपलं. लपवायचं कशाला?"

एरवी सुगतने हसून सावरून घेतलं असतं. आज त्याच्यात तेवढं त्राण नव्हतं.

"तुम्ही सगळे सारखं विचारत होता ना, म्हणून," क्रांती म्हणाली. मराठीत.