राखेत मुरवलेलं खत

अन्याय झाला तो भडगावजवळ गिरणेकाठी वांगी लावणाऱ्या एका बाईवर. १९५६ साली, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. करणारा मी.

तिचा नवरा भुसावळला रेल्वेत होता. दिराला तिच्या त्या जमिनीच्या तुकड्यात केळी लावायची होती. त्या साली वांगी साधली तरच तुकडा तिच्याकडे राहणार, असं घरात ठरलेलं. मी मिश्रखताचा प्रचारक. देशी आणि विलायती खत एकत्र द्या, पीक वाढवा, असं गावोगाव ओरडत फिरायचो. पत्रकं शेकड्यांनी वाटली होती. शेवटचं पान मात्र एकदाही वाचलं नव्हतं.

चुलीतली राख मला देशी खतच वाटायची. मी म्हणालो, "अक्का, शेणखत दिराच्या कपाशीला जाऊ द्या. हे पांढरं विलायती खत चुलीतल्या पऱ्हाट्यांच्या राखेत कालवा आणि ओल्या गोणपाटाखाली रात्रभर मुरू द्या."

दुसऱ्या दिवशी गोणपाट उचललं. तिने पदर नाकाला लावला.

"भाऊ, मन्हा डोया झोंबी राहिनात. खतना जीव उडी राहिना ना?"

"ताकद आहे ती, अक्का! तुमच्या शेणाला असा वास येतो का?"

चार माणसं हसली. तीही हसली, आणि मी सांगितलं तसं मूठमूठ टाकत गेली.

झाडं पिवळी पडली. फळं धरली ती लिंबाएवढी. दीर बांधावरून म्हणाला, "वहिनी, यास्ना भरीत कराले चार घर हिंडनं पडी!"

दिवाळीआधी धुळ्याहून येताना एसटीत मी शेवटचं पान वाचलं. स्वच्छ छापलं होतं: हे खत राखेत किंवा चुन्यात मिसळू नये, त्यातला नत्र हवेत उडून जातो, कुजलेलं शेणखत आधी जमिनीत घालावं, मग हे थोडं थोडं द्यावं. बाईचं नाक बरोबर होतं. छापील कागद हातात असून मी गाढव.

तरी इथवर ती चूकच होती. लबाडी त्यानंतरची. त्याच आठवड्यात चावडीवर सभा होती. दिराने विचारलं, "साहेब, वहिनीचीच वांगी का बसली?" सत्य मला ठाऊक होतं. ती बायकांत मागे उभी होती. मी म्हणालो, "सांगितलं तसं केलं नाही, दुसरं काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी पत्रकांचा गठ्ठा सोडायला लागलो. माझ्या शब्दावर त्या सभेतच तुकडा दिराकडे गेला. आता तिथे केळी आहे.

दोन वर्षं मी दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायावर पत्रकं लिहिली. हे लिहायची छाती झाली नाही.

तुम्ही त्या सभेत असाल, तर हा कागद चावडीवर मोठ्याने वाचा, दिरासमोर. सांगा, बाईने सांगितलं तसंच केलं. खोटं बोलला तो प्रचारक. आणि तिचा तुकडा तिला परत द्यायला लावा.